भरलेली वाघीण कोणत्या दिशेला जाते?

१९१० साल. शिवडीच्या किल्ल्याखाली तुम्ही उभे आहात. ज्या जागेवरून पुढे मालगाड्या जाणार आहेत, तिथे अजून खाडीचं पाणी आहे. ओहोटीमुळे काळा चिखल उघडा पडलाय, पाय टाकला तर पोटरीपर्यंत रुतेल. दूर पाण्यात गाळ उपसणारं जहाज धुराचा लोट सोडतंय. तळाचा गाळ ओढून ते जाड लोखंडी नळांतून किनाऱ्याकडे ढकलतं, आणि माझगावपासून शिवडीपर्यंत नवी जमीन हळूहळू पाण्याच्या वर येते.

दक्षिणेकडे चालत निघा. दारूखाना, लकडी बंदर, माझगाव, मग गोद्या. प्रिन्सेस डॉक १८८० ची, व्हिक्टोरिया डॉक १८८८ ची. त्यांच्या पलीकडे अलेक्झांड्रा डॉकचं काम १९०५ पासून चाललंय आणि तिथे निघालेल्या मातीवर बॅलार्ड इस्टेट उभी राहते आहे. हा सगळा कारभार १८७३ मध्ये स्थापन झालेल्या पोर्ट ट्रस्टचा. तुम्हाला चालायला वेळ लागतो, कारण रस्ता बैलगाड्यांनी भरलाय. ग्रेट इंडियन पेनिन्शुला (जीआयपी) रेल्वेचा माल वाडीबंदरला उतरतो. कापसाचा बाजार बेटाच्या पार दक्षिण टोकाला, कुलाब्याला. दोन मोठ्या रेल्वे कंपन्या शहरात येऊन थांबतात, गोदीत जहाजं लागलेली असतात, आणि मधलं अंतर बैलांच्या खांद्यावर असतं. वऱ्हाडातून शेकडो मैल आलेली कापसाची गाठ शेवटच्या दोन-तीन मैलांसाठी दिवसभर रखडते.

म्हणून पोर्ट ट्रस्टने स्वतःची रेल्वे बांधायची ठरवली. वडाळ्याहून निघून या नव्या भरावावरून गोद्यांना वळसे घालत बॅलार्ड पिअरपर्यंत. अंतर जेमतेम १२ किलोमीटर. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी रेल्वेही याच्या जवळजवळ तिप्पट लांब होती. पण गोदीच्या रेल्वेची लांबी अशी मोजून चालत नाही. तिचे फाटे, सायडिंगं आणि गोदामांच्या मधून गेलेले रूळ धरले, तर आकडा कितीतरी पटींनी वाढतो.

आता १ जानेवारी १९१५. रेल्वे सुरू झाली. तुम्ही वडाळ्याच्या यार्डात आहात. जीआयपीच्या आणि बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) या दुसऱ्या कंपनीच्या मालगाड्या इथे येऊन आपापल्या वाघिणी सोडतात आणि त्यांची इंजिनं परत फिरतात. इथून पुढे पोर्ट ट्रस्टचं इंजिन. बुटकं, बाजूला पाण्याच्या टाक्या बसवलेलं, धावण्यापेक्षा ढकलण्यासाठी बनवलेलं. प्रत्येक वाघिणीच्या कुशीला चिठ्ठी लावलेली: कुठून आली, आत काय आहे, कुठल्या धक्क्याला जायचंय. एकाच गाडीतून आलेली गव्हाची वाघीण एका जहाजाला, सरकीची दुसऱ्या जहाजाला आणि मँगनीजची तिसरीकडेच. त्या वाघिणी पाखडण्याचं काम या यार्डाचं. इंजिन मागून धक्का देतं, सुटी वाघीण आपल्या वजनाने पुढे जाते, सांधेवाला तिच्या आधी धावत जाऊन रूळ फिरवतो. दुसरा माणूस चालत्या वाघिणीच्या बाजूने पळत जाऊन ब्रेकच्या दांड्यावर सगळा भार टाकतो.

"रुळावरनं बाजूला व्हा ओ, मागनं शंटिंग येतंय!"

तुम्ही उडी मारून बाजूला होता. दोन वाघिणींचे बफर एकमेकांवर आदळतात आणि मधे उभा असलेला माणूस वाकून साखळीचा आकडा अडकवतो. हे काम करणाऱ्या माणसाचं बोट, हात, कधी जीवही जाऊ शकतो. रेल्वेच्या इतिहासात इंजिनांचे कारखाने आणि साहेबांची नावं येतात. वाघिणी जोडणारे मात्र बहुतेक निनावी राहिले. या रेल्वेबद्दल लिहिताना मला पहिल्यांदा तेच आठवतात.

काळ युद्धाचा आहे. अलेक्झांड्रा डॉकचं उद्घाटन व्हाइसरॉय हार्डिंग यांनी २१ मार्च १९१४ ला केलं, आणि पाच महिन्यांच्या आत महायुद्ध पेटलं. व्यापारासाठी बांधलेली गोदी आधी फौजेच्या कामाला लागली. मेसोपोटेमियाच्या मोहिमेची रसद मुंबईहून जाते. ६ वी पुणे डिव्हिजन १९१४ च्या ऑक्टोबरातच इथून निघू लागली. तिच्यात ११० वी मराठा पलटण आहे. आता त्यांच्या मागून रसद, खेचरं, गवताचे भारे आणि भरतीची नवी पोरं जातायत. धक्क्यावर जहाजाच्या शिडीपाशी थांबलेल्या त्या पोरांकडे तुम्ही बघा. सातारा आणि रत्नागिरीची बोली ऐकू येते. मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात महिनोन्महिने उपाशी राहून त्या डिव्हिजनचे वाचलेले लोक २९ एप्रिल १९१६ ला शरण गेले, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांना अजून माहीत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळीकडे तिचाच उपयोग होणार आहे. भरलेली वाघीण कोणत्या दिशेला चालली आहे आणि रिकामी कोणत्या दिशेला, एवढं बघत चला. देश कोणाच्या हातात आहे हे त्या दोन दिशांवरून कळतं. १९१५ मध्ये अन्न, कच्चा माल आणि माणसं समुद्राकडे जातायत.

१९२६ चा फेब्रुवारी. कॉटन ग्रीन.

इथे जरा थांबू, कारण या रेल्वेचा प्राण इथे होता. कापसाचा बाजार कुलाब्याहून उठून शिवडीला, नव्या भरावावर आला आहे. डोळे पोचतील तिथपर्यंत काँक्रीटच्या गोदामांच्या ओळी. कापसाला आगीचं भय, म्हणून ओळींमध्ये मोकळी जागा राखलेली, आणि त्या मोकळ्या जागांतून रूळ. वाघीण थेट गोदामाच्या दारात येते. बैलगाडीचं मधलं काम संपलं.

हंगाम भरात आहे. दिवाळीनंतर खानदेश-वऱ्हाडात वेचणी झाली, कापूस जिनांत गेला, सरकी वेगळी झाली, रुई प्रेसमध्ये दाबून पोलादी पट्ट्यांनी आवळली, आणि गाठी निघाल्या. यवतमाळहून मूर्तिजापूरला येणारी अरुंद रुळांची छोटी गाडी कापसासाठीच बांधलेली. तिथे माल जीआयपीच्या मोठ्या वाघिणीत चढतो, भुसावळ, नाशिक, इगतपुरी करत थळघाट उतरतो आणि वडाळ्याहून इथे येतो. हवेत बारीक तंतू तरंगतायत. तुमच्या कपड्यांवर, भुवयांवर, हमालांच्या काळ्या दाढ्यांवर पांढरं बसलंय. हमाल लोखंडी हूक गाठीत रुतवतो, दोघे मिळून ती कलती करतात, तिसरा पाठ देतो. पावणेदोनशे किलो. माणसाच्या वजनाच्या अडीच-तीन पट ओझं एका पाठीवरून दाराच्या आत जातं आणि मुकादम पेन्सिलीने वहीत रेघ मारतो.

अकोल्याच्या अडत्याचा गुमास्ता शेजारी उभा आहे. गाठीच्या गोणपाटाला चीर पाडून दलालाने चिमूटभर रुई काढली आहे. दोन्ही हातांच्या अंगठ्यांत ती ताणून धाग्याची लांबी बघतो, पुन्हा एकत्र करतो, पुन्हा ताणतो.

"आमच्याकडचा माल हाये जी," गुमास्ता हळूच म्हणतो. "आखूड धाग्याचा म्हणून भाव पाडतात. पण जपानवाला घेतो."

तो बरोबर सांगतोय. या दशकात हिंदी कापसाचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक जपान आहे. लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धागा हवा असतो, ओसाकाच्या गिरण्या आखूड धाग्यात भागवायला शिकल्या आहेत. भाव खंडीत बोलला जातो, पण ठरतो लिव्हरपूल आणि न्यूयॉर्कच्या तारांवर. ज्या शेतकऱ्याने वेचणीच्या दिवसांत सावकाराचं व्याज मोजलं, त्याला या गोदामांतला भाव कधी दिसत नाही. त्याचा कापूस इथून वाघिणीने धक्क्यावर जातो, जहाजात चढतो आणि कापड होऊन त्याच धक्क्यावर उतरतो. ते कापड आत नेणाऱ्या वाघिणीही तुम्हाला दिसतील. पाच वर्षांच्या आतच, १२ डिसेंबर १९३० ला, आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा गिरणी कामगार बाबू गेनू काळबादेवीला विलायती कापडाच्या लॉरीसमोर आडवा होईल आणि चिरडला जाईल. गोदीतून आत जाणारा कापडाचा गठ्ठा हे त्या काळी किती जळतं प्रकरण होतं, ते कॉटन ग्रीनला उभं राहिलं की नीट उमगतं.

पश्चिमेला हार्बरच्या रुळांवरून एक गाडी जाते. धूर नाही, कोळसा नाही. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची गाडी व्हीटीहून कुर्ल्याला गेली ती याच मार्गाने. माणसं विजेवर गेली, माल मात्र वाफेवर राहिला.

या रेल्वेवर माणसांच्या गाड्याही काही वर्षं धावल्या, पण त्या निवडक माणसांच्या. बॅलार्ड पिअरला विलायतेची बोट लागली की तिथल्या मोल स्टेशनातून थेट उत्तरेकडच्या मेल गाड्या सुटत. १९२८ पासूनच्या फ्रंटियर मेलचे डबेही इथे लागत, पेशावरपर्यंत जाणारे. साहेब बोटीतून उतरला की चार पावलांवर त्याचा डबा. शहरात शिरायची त्याला गरजच नव्हती.

आता १४ एप्रिल १९४४, शुक्रवार, दुपारचे पावणेचार. तुम्ही रे रोडच्या पुलावर आहात. ऊन कडक आहे. दक्षिणेला, व्हिक्टोरिया डॉकच्या बाजूला, धूर दिसतोय. दुपारपासूनच दिसतोय, पण गोदीत धूर ही नवलाई नाही, म्हणून पुलाखालचं काम थांबलेलं नाही.

तो धूर 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाचा आहे. इंग्लंडहून कराचीमार्गे दोन दिवसांपूर्वी ते आलं. पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं. कराचीत त्याच जहाजात कापसाच्या ८७०० गाठी भरल्या गेल्या, आणि दोन नंबरच्या हॅचमध्ये स्फोटकं आणि कापूस एकत्र आले. स्फोटकं असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही जहाजावर नव्हता. आग कापसात लागली. बंबवाले पाणी मारत राहिले, पण दाबलेल्या गाठीची आग आत धुमसत राहते, वरच्या पाण्याने विझत नाही. कापूस लावणाऱ्या कुठल्याही शेतकऱ्याला हे सांगता आलं असतं. जहाज बाहेर नेऊन बुडवायचं की तिथेच आग विझवायची, यावर अधिकाऱ्यांचा निर्णय होईना.

चार वाजून सहा मिनिटं.

आधी पूल पायाखालून सरकतो. आवाज नंतर येतो. दूरवर सिमल्याच्या भूकंपमापकावर ही नोंद उमटली आहे. गोदीवर काळा-पांढरा खांब उभा राहतो आणि त्याच्या माथ्यावरून पेटलेल्या गाठी निघतात. जळता कापूस मांडवी-मशीदच्या छपरांवर पडतोय. शेजारी उभं असलेलं जलपद्म नावाचं जहाज पाण्यातून उचललं जाऊन धक्क्यावर आपटलंय. अठ्ठावीस मिनिटांनी दुसरा स्फोट होतो, पहिल्याहून मोठा. रूळ पिळवटून जागेवरून उठतात. उभ्या वाघिणी आडव्या होऊन जळतात.

किती माणसं गेली याचे अंदाज आठशेपासून तेराशेपर्यंत आहेत. गोदीतल्या रोजंदारीवरच्या हमालांची नीट यादी कुठे होती, की मोजदाद अचूक निघावी? अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. १४ एप्रिल हा देशात अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्यासाठी. युद्धामुळे सरकारने बातमी दाबली. मुंबईकरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं जगाला कळायला काही आठवडे लागले.

या स्फोटाची गोष्ट निघाली की लोक सोन्याच्या विटांची सांगतात. जहाजात खरोखर सोनं होतं आणि एक वीट छप्पर फोडून एका घरात पडली होती. मला मात्र सोन्यापेक्षा गोदामांत जळालेलं धान्य आठवतं. हजारो टन. आदल्याच वर्षी बंगालात लाखो माणसं भुकेने मेली होती.

आग विझायला दोन-तीन दिवस गेले, गोदी पुन्हा चालू व्हायला सुमारे सात महिने. त्या महिन्यांत या रुळांवर तुम्ही याल तर दिसेल की भरलेल्या वाघिणींत कापूसही नाही आणि गहूही नाही. विटा, वाकलेल्या तुळया, करपलेली लाकडं. हजारो सैनिक आणि मजूर शहराचा एक तुकडा उचलून नेतायत.

१९४६ च्या फेब्रुवारीत नाविकांचा उठाव, कॅसल बरॅक्सवर गोळीबार, गोदीतला बंद. पुढच्या वर्षी स्वातंत्र्य. आपण थेट १९६६ ला जाऊ, कारण तिथे या रेल्वेच्या सगळ्या दिशा फिरल्या आहेत.

लागोपाठ दोन पावसाळे गेले. देशाने या एका वर्षात परदेशातून एक कोटी टनांच्या आसपास धान्य आणलं, मुख्यतः अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन जहाजं सोडतात ती हात आखडून, एकेक करून. जहाज उशिरा आलं तर रेशनच्या दुकानात धान्य नाही. तुम्ही गोदीत उभे आहात. जहाजाच्या पोटातून सुटा गहू वर येतो, ढीग पडतात, पोती भरली जातात, दाभणाने तोंडं शिवली जातात आणि हमालांची रांग ती वाघिणीत चढवते. बोटीवर नवं इंग्रजी नाव रंगवलेलं असतं, पण पाठी त्याच आहेत. ज्या सांधेवाल्याच्या बापाने गव्हाच्या वाघिणी समुद्राकडे फिरवल्या, तो आता गव्हाच्या वाघिणी समुद्राकडून आत फिरवतोय. वडाळ्याच्या यार्डात चिठ्ठ्या वाचा: मनमाड, सोलापूर, औरंगाबाद, परभणी.

आणि मिलो. लाल ज्वारी. तुमच्या घरात कोणी सत्तरीच्या पुढचं असेल तर त्यांना हा शब्द नुसता म्हणून बघा. भाकरी लाल व्हायची, घशाखाली उतरायची नाही, तरी खाल्ली. पुढे १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणींतही ती सुकडीच्या शेजारी आहेच. शेताच्या बांधावर आज माजलेलं गाजर गवत पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास नजरेत आलं. ते परदेशी गव्हाबरोबर आलं, असं गावोगाव आजही सांगतात.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात कामगाराच्या बाजूनेही काही बदललं. गोदी कामगारांसाठी १९४८ चा कायदा झाला, रोजच्या रोज टोळीवाल्याच्या मर्जीवर काम मिळण्याचे दिवस गेले. गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांच्या नावाने आज ओळखला जातो तो रस्ता पूर्वीचा फ्रेअर रोड, गोदीच्या भिंतीलगतचा. गोदीबाहेर, मशीदबंदरच्या गल्ल्यांत ओझी वाहणाऱ्यांसाठी अण्णासाहेब पाटलांनी लढून १९६९ चा माथाडी कायदा आणला. देशात असा हा पहिलाच.

त्यानंतरची घसरण मी थोडक्यात सांगतो. लॉरी आली, ती दुकानाच्या दारापर्यंत गेली. रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक कमी करत नेली आणि एकाच मालाची पूर्ण गाडी पसंत केली, म्हणजे वडाळ्याला वाघिणी पाखडण्याचं कारणच उरलं नाही. मग कंटेनर आला. पोती, गाठी आणि पेट्या एका पोलादी खोक्यात बंद झाल्या आणि हूक धरणारा हात मोकळा झाला, म्हणजे रिकामा झाला. २६ मे १९८९ ला खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि मोठी जहाजं तिकडे वळली. १ जानेवारी २०१५ ला या रेल्वेची शंभरी भरली, तेव्हा तिच्याकडे नाव घेण्याजोगं काम फार थोडं राहिलं होतं. पुढे काही वर्षांतच तेही थांबलं. ज्या प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉकसाठी इतकं सारं झालं, त्या गोद्यांतलं पाणीही भराव टाकून बुजवलं गेलं.

आज तुम्ही कॉटन ग्रीनला लोकलमधून उतरून पूर्वेला जा. डोक्यावरून २०१३ चा फ्रीवे जातो, उत्तरेला शिवडीहून २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू समुद्रात शिरतो. खाली काँक्रीटच्या गोदामांच्या ओळी आहेत आणि डांबरात अर्धवट बुजलेले रूळ आहेत. थोडं पुढे चाला. सांधा फिरवायचा दांडा कुठेतरी झुडपात सापडतो. गोदामाच्या ओट्याची उंची हाताने मोजून बघा, ती वाघिणीच्या दाराइतकी आहे.

मुंबई बंदराच्या शेकडो एकर जमिनीचं पुढे काय करायचं, यावर वर्षानुवर्षं आराखडे निघतायत. मोठी बांधकामं होतील, ती शहराला हवीही आहेत. माझं मागणं एवढंच, की या गोदामांची एक तरी ओळ तिच्या रुळांसकट आणि ओट्यांसकट राखावी, आणि वडाळ्यापर्यंतचा पट्टा विकून न टाकता पायी चालण्यासाठी खुला ठेवावा. ओट्यावर एक गाठ ठेवावी, खरी, पूर्ण वजनाची, शेजारी हूक. दारव्ह्याहून किंवा मूर्तिजापूरहून शाळेची सहल आली, तर आपल्या पणजोबांचा कापूस कुठे उतरायचा आणि तो कोण उचलायचं, हे मुलांना स्वतः जोर लावून बघता येईल.